अमेरिकन आर्मीतला ग्रीनकार्डवाला भाचा आणि कोर्ट-मार्शल: गुन्हा कबूल केला तर देशाबाहेर काढतील का?

कुळागर, फोंडा

नमस्कार मंडळी. ताईच्या मुलासाठी विचारतोय. वय २३, जन्म फोंड्याचा. चौदाव्या वर्षी आईवडिलांबरोबर ग्रीनकार्डवर अमेरिकेला गेला, पुढे तिथल्या आर्मीत भरती झाला. नोकरीला साडेतीन वर्षं झाली. नागरिकत्वाचा अर्ज मात्र "करू, करू" म्हणत राहूनच गेला.

गेल्या वर्षी लघवीच्या तपासणीत गांजा निघाला. कमांडरने लष्करी कायद्याच्या आर्टिकल १५ खाली रँक उतरवली, पगार कापला आणि प्रकरण मिटलं. आता नवीन उभं राहिलंय. घरभाड्याचा भत्ता, ज्याला तिथे बीएएच म्हणतात, तो खोटी माहिती देऊन जादा दराने घेतल्याचा आरोप आहे. रक्कम सगळी मिळून १४,००० डॉलर. आर्टिकल १२१ खाली चोरी आणि आर्टिकल १०७ खाली खोटं अधिकृत निवेदन असे दोन आरोप स्पेशल कोर्ट-मार्शलकडे जाणार आहेत. लष्कराने दिलेला वकील म्हणतो की कबुली दिली तर ८ महिने कैद आणि बॅड-कंडक्ट डिस्चार्ज, म्हणजे गैरवर्तनाच्या शिक्क्यासह नोकरीतून काढणं, यावर भागेल.

ताईला वाटतं ८ महिने भोगून पोरगा घरी येईल. मला शंका आहे की खरा त्रास त्यानंतर सुरू होईल. ग्रीनकार्डचं काय होतं? फौजेतली शिक्षा इमिग्रेशनवाले धरतात का? मुलाकडे वडिलांच्या बाजूने पोर्तुगीज पासपोर्ट आहे, त्याचा काही उपयोग? आणि खटल्याची तारीख लागायच्या आधी रजा मिळाली तर चवथीला दहा दिवस घरी आणावं असं ताईच्या मनात आहे.

मांडवीकाठ

कुळागरभाऊ, तुमची शंका बरोबर आहे. पण कोर्ट-मार्शलकडे वळण्याआधी एक गोष्ट तपासा, कारण तिथे सुटला तर पुढचं काहीच लागू होत नाही. मुलगा १८ वर्षांचा व्हायच्या आत आई किंवा वडील, दोघांपैकी एकानेही अमेरिकन नागरिकत्वाची शपथ घेतली होती का? घेतली असेल आणि तेव्हा तो ग्रीनकार्डवर त्यांच्याच ताब्यात, त्यांच्याच घरी राहत असेल, तर तो त्याच दिवशी आपोआप नागरिक झाला. २७ फेब्रुवारी २००१ पासून लागू असलेला कायदा आहे. त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागत नाही, त्यामुळे घरातल्या माणसांना हे कळलेलंच नसतं. नागरिकाला हद्दपार करता येत नाही. मेव्हण्यांच्या नॅचरलायझेशन सर्टिफिकेटवरची तारीख आणि मुलाची जन्मतारीख शेजारी शेजारी ठेवून बघा.

आता फौजेतल्या शिक्षेचं. सगळ्या लष्करी शिक्षा इमिग्रेशनच्या नजरेत सारख्या नसतात. कोणत्या मंचावर शिक्षा झाली हे आधी पाहतात.

आर्टिकल १५ ही कमांडरने दिलेली शिस्तीची शिक्षा. तिथे न्यायाधीश नसतो. ती दोषसिद्धी धरली जात नाही. समरी, म्हणजे सर्वांत खालच्या पायरीचं कोर्ट-मार्शलही तसंच: ते फौजदारी खटल्यासारखं नाही असं सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्येच म्हटलं, आणि २०१९ पासून लष्करी कायद्यातच लिहिलं आहे की तिथे दोषी ठरणं म्हणजे फौजदारी दोषसिद्धी नव्हे. स्पेशल आणि जनरल कोर्ट-मार्शलमध्ये मात्र लष्करी न्यायाधीश असतो, वकील असतो, रीतसर निकाल असतो. इमिग्रेशन कायद्यात 'दोषसिद्धी'ची व्याख्या १९९६ मध्ये आली, आणि जनरल कोर्ट-मार्शलचा निकाल त्या व्याख्येत बसतो असं इमिग्रेशन अपील बोर्डाने २००८ मध्ये ठरवलं. स्पेशललाही तेच तत्त्व लावतात. तेव्हा "हे फौजेच्या आतलं प्रकरण आहे" या समजुतीवर विसंबू नका.

मंचानंतर पाहतात ते आर्टिकल. गैरहजेरी, वरिष्ठाशी उद्धटपणा, हुकूम न पाळणं हे निव्वळ लष्करी गुन्हे. त्यांनी डिस्चार्ज बिघडतो, पण सहसा ग्रीनकार्डाला हात लागत नाही. चोरी, फसवणूक, लैंगिक गुन्हे, घरगुती हिंसा, अमली पदार्थ, शस्त्रं, यांचं तसं नाही. नावात लष्कर असलं तरी गुन्हा मुलकीच धरतात.

आणि मग कैदेचा आकडा. चोरी किंवा हिंसेच्या गुन्ह्याला एक वर्ष किंवा जास्त कैद लागली की तो 'अॅग्रव्हेटेड फेलनी', म्हणजे इमिग्रेशन कायद्यातला सर्वांत गंभीर गट, होतो. हा शिक्का सर्वांत वाईट: जामीन नाही, हद्दपारी रद्द करण्याची सवलत नाही, नागरिकत्व कायमचं बंद, आणि एकदा बाहेर काढल्यावर परतीवर आयुष्यभराची बंदी, जी उठवायला सरकारची वेगळी परवानगी लागते. इथे एक वर्ष म्हणजे न्यायाधीशाने सुनावलेलं वर्ष. त्यातलं काही स्थगित केलं तरी पूर्ण मोजतात. स्पेशल कोर्ट-मार्शल जास्तीत जास्त १२ महिने देऊ शकतं, म्हणजे नेमकी ती रेघ. ११ महिन्यांची शिक्षा आणि १२ महिन्यांची शिक्षा यांत तुरुंगात ३० दिवसांचा फरक आहे, इमिग्रेशन कोर्टात तोच फरक उभ्या आयुष्याचा आहे.

८ महिन्यांचा आकडा त्या दृष्टीने ठीक. पण तुमच्या भाच्याचा धोका महिन्यांत नाही, डॉलरात आहे. त्यावर दप्तर यांनी लिहावं, त्यांना ते जास्त नीट मांडता येतं.

दप्तर

मांडवीकाठ म्हणतात ते खरं आहे. मुद्दा रकमेचा आहे आणि लष्करी वकिलांच्या हातून नेमका हाच सुटतो.

फसवणुकीच्या गुन्ह्यात समोरच्याचं नुकसान १०,००० डॉलरच्या वर असेल तर तो अॅग्रव्हेटेड फेलनी. याला कैदेची अट नाही. एक दिवसाचीही कैद झाली नाही तरी शिक्का बसतो. आर्टिकल १२१ मध्ये साधी चोरीही येते आणि खोटं सांगून पैसे घेणंही येतं. बीएएच खोटी माहिती देऊन घेतलेला असल्यामुळे सरकारी वकील इमिग्रेशन कोर्टात "ही फसवणूक, नुकसान १४,०००" असं मांडणार. म्हणजे "८ महिन्यांत सुटेल" हा सौदा वरून गोड दिसतो आणि आतून हद्दपारीचा कागद आहे.

सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सांगितलं की ही रक्कम कलमाच्या शब्दांत असायला हवी असं नाही, प्रकरणातल्या प्रत्यक्ष परिस्थितीवरून ती काढता येते. मात्र नुकसान ज्या आरोपात दोषी ठरला त्याच आरोपाशी जोडलेलं हवं. इथेच काम करायची जागा आहे. आरोपपत्र, म्हणजे डीडी फॉर्म ४५८, मागवून घ्या. त्यात प्रत्येक आरोपाखाली 'स्पेसिफिकेशन' असतं: अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत, अमुक रकमेची मालमत्ता. १४,००० ची एकच सलग रेघ असेल तर वाटाघाटीत ती तोडता येते. कमी महिन्यांचा काळ, १०,००० च्या बऱ्याच खालची रक्कम, तेवढ्याचीच कबुली, आणि बाकीचा आरोप मागे. सरकारला दोषसिद्धी मिळते, मुलाची अॅग्रव्हेटेड फेलनी टळू शकते.

पण स्पेसिफिकेशन बदलून काम संपत नाही. कबुलीच्या सौद्यात 'स्टिप्युलेशन ऑफ फॅक्ट' नावाचा कागद असतो, दोन्ही बाजूंनी सह्या केलेली घटनेची हकीकत. त्यात "आरोपीने एकूण १४,००० डॉलर घेतले" असं वाक्य राहिलं तर वरची सगळी मेहनत धोक्यात. आणि त्यानंतर न्यायाधीश स्वतः आरोपीला प्रश्न विचारतो. मुलकी कोर्टात कबुली काही मिनिटांत उरकते. लष्करी कोर्टात १९६९ पासून पद्धत अशी आहे की न्यायाधीश एकेक घटक समजावतो आणि आरोपीला स्वतःच्या शब्दांत सांगायला लावतो: काय केलं, का केलं, किती घेतलं. तो शब्दन् शब्द नोंदवला जातो आणि इमिग्रेशन कोर्टात जसाच्या तसा पुढे येऊ शकतो. पोरं घाबरून, पश्चात्तापाने, विचारलं नसतानाही जास्त सांगतात. वकिलाने त्याला या प्रश्नोत्तरांची तयारी आकड्यांसकट करून द्यायला हवी. उत्तर खरंच असलं पाहिजे, पण ज्या आरोपाची कबुली आहे तेवढ्यापुरतंच.

पैसे परत केले तर रक्कम कमी होते का, असं पुष्कळजण विचारतात. नाही. शिक्षा सौम्य व्हायला मदत होते म्हणून परत जरूर करा, पण गुन्ह्याच्या वेळचं नुकसान तेवढंच राहतं.

आर्टिकल १२१ च्या पोटातच 'रॉन्गफुल अॅप्रोप्रिएशन' म्हणून हलका गुन्हा आहे, तात्पुरतं वापरायच्या हेतूने घेणं. तो मिळाला तर चांगलंच, तरी तो आपोआप सुरक्षित असं समजू नका. 'नैतिक अधःपतनाचे गुन्हे' हा हद्दपारीचा वेगळा गट आहे, आणि त्यात बसणाऱ्या चोरीची व्याख्या अपील बोर्डाने २०१६ पासून रुंद केली आहे. त्याहून बरं म्हणजे आर्टिकल ९२, नियम किंवा हुकूम न पाळणं. भत्त्याचे नियम पाळले नाहीत एवढाच आरोप उरला तर इमिग्रेशनच्या दृष्टीने फार मोठा फरक पडतो. सरकार मानेलच असं नाही, पण विचारल्याशिवाय कोणी देत नाही.

नैतिक अधःपतनाचं अजून एक: असा एकच गुन्हा असेल तर तो देशात प्रवेश मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत घडलेला असावा लागतो. मुलगा नऊ वर्षं तिथे आहे, त्यामुळे एकाने हद्दपारी होत नाही. दोन असतील तर काळाची अट नाही, फक्त दोन्ही एकाच कारस्थानातले नसावेत. १२१ आणि १०७ एकाच भत्त्याच्या प्रकरणातून आले आहेत हे कागदावर स्पष्ट दिसायला हवं. जमलं तर १०७ मागेच घ्यायला लावा.

कुळागर, फोंडा

देव बरें करूं, दोघांनाही. तारीख बघितली. मेव्हण्यांनी शपथ घेतली तेव्हा मुलाला अठरा पूर्ण होऊन चार महिने झाले होते. ताईने अजून घेतलेलीच नाही. म्हणजे तो दरवाजा बंद.

अजून दोन प्रश्न. तिथल्या एका ओळखीच्याने सांगितलं की कोर्ट-मार्शलऐवजी स्वतःहून डिस्चार्ज मागता येतो. आणि आत्ता घाईने नागरिकत्वाचा अर्ज टाकला तर? फौजेतल्यांना लवकर मिळतं ना?

मांडवीकाठ

डिस्चार्जचं आधी. आर्मीत त्याला 'चॅप्टर १०' म्हणतात: कोर्ट-मार्शलच्या बदल्यात नोकरी सोडण्याची विनंती. मंजूर झाली तर खटला नाही, म्हणून दोषसिद्धीही नाही. ग्रीनकार्ड वाचवण्यासाठी हा मार्ग खूपदा सगळ्यांत चांगला ठरतो. किंमतही मोठी आहे. डिस्चार्ज बहुधा 'अदर दॅन ऑनरेबल', म्हणजे सन्मानाचा नसलेला, मिळतो आणि अर्जात आरोपांपैकी एक, किंवा त्यातला हलका गुन्हा, मान्य करावा लागतो. त्या कबुलीचा मसुदा इमिग्रेशन वकिलाच्या नजरेखालून गेल्याशिवाय सही नको.

आता अर्ज. ११ सप्टेंबर २००१ पासूनचा काळ कायद्याने युद्धकाळ धरला आहे, आणि या काळात एक दिवसही सन्मानाने सक्रिय सेवा केलेल्याला ग्रीनकार्डची पाच वर्षं न थांबता, फी न भरता नागरिकत्व मागता येतं. एन-४०० अर्ज, सोबत एन-४२६, ज्यावर लष्कर सेवा सन्मानाची असल्याचं प्रमाणित करतं. भरतीनंतर लगेच केलं असतं तर आज हा प्रश्नच नव्हता. म्हणून इथे वाचणाऱ्या ज्यांची मुलं तिकडे फौजेत आहेत त्यांना कळकळीने सांगतो, आज रात्रीच फोन करून विचारा की अर्ज टाकला का.

पण आत्ता, आरोप डोक्यावर असताना टाकू नका. एन-४२६ वर प्रमाणपत्र मिळणं कठीण, चांगल्या वर्तनाची तपासणी गांजापासून सुरू होणार, आणि नाकारलेल्या अर्जातूनच हद्दपारीची नोटीस निघू शकते. शिवाय अशा सवलतीने मिळालेलं नागरिकत्व, एकूण पाच वर्षं सन्मानाची सेवा व्हायच्या आत असन्मानाचा डिस्चार्ज मिळाला, तर काढून घेता येतं. बॅड-कंडक्ट डिस्चार्ज मिळाला की ही सवलतीची वाट संपली. ऑनरेबल आणि 'जनरल, अंडर ऑनरेबल कंडिशन्स' एवढे दोनच चालतात.

बाणस्तारी

चवथीचा प्रश्न मागेच राहिला, म्हणून लिहितोय. ताईंना सांगा, वाईट वाटलं तरी यंदा त्याला बोलावू नका.

कारण आर्टिकल १५ चा गांजा. अमेरिकेच्या आत असताना ती दोषसिद्धी नाही, म्हणून तिच्यावरून हद्दपारी होत नाही. पण बाहेर जाऊन परत येताना कायदा बदलतो. ग्रीनकार्डवाला एरवी परतताना 'नव्याने प्रवेश मागणारा' धरला जात नाही. अमली पदार्थाचा किंवा नैतिक अधःपतनाचा गुन्हा केलेला असेल तर धरला जातो. आणि प्रवेश नाकारायला दोषसिद्धी लागतेच असं नाही, गुन्ह्याची कबुली पुरते. हद्दपारीच्या कायद्यात स्वतःपुरत्या ३० ग्रॅमपर्यंतच्या गांजाला एकदा सूट आहे, प्रवेशाच्या कायद्यात ती तशी नाही, माफी मागावी लागते. विमानतळावर अधिकारी विचारतो, "कधी ड्रग घेतलंस का?" पोरगा प्रामाणिकपणे "हो, एकदा, त्याची शिक्षा झाली" म्हणतो, आणि दाबोळीहून किंवा मोपाहून निघालेलं पोर तिथे अडकतं. राज्यात गांजा कायदेशीर असला तरी उपयोग नाही, हा केंद्राचा कायदा आहे.

पोर्तुगीज पासपोर्टचं: ग्रीनकार्ड वाचवायला तो कामाचा नाही. हद्दपारीचा हुकूम झालाच तर कुठे पाठवायचं हे ठरवताना कामाचा आहे. माणूस स्वतः देश सुचवू शकतो, एरवी तो ज्या देशाचा नागरिक आहे तिथे पाठवतात. म्हणजे मुलाच्या पोर्तुगीज नागरिकत्वाची लिस्बनला नोंद झालेली असेल तर फोंड्याला नाही, पोर्तुगालला पाठवलं जाण्याची शक्यता जास्त. पोर्तुगीज पासपोर्ट असलेल्याला आपल्याकडे यायला व्हिसा किंवा ओसीआय (भारतीय मुळाच्या परदेशी नागरिकाचं कार्ड) लागतं, आणि परदेशातली दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा ओसीआयला अडचणीची ठरते. ८ महिन्यांत ती अडचण नाही. पण ताईंनी "निदान घरी तरी येईल" असं गृहीत धरू नये, आधी मुलाचे नागरिकत्वाचे कागद बघा.

अटक झाल्यावर आपल्या देशाच्या वकिलातीला कळवण्याचा हक्क असतो. कोणत्या वकिलातीला कळवायचं हेही त्याच कागदांवरून ठरेल.

दप्तर

सुटकेच्या दिवसाबद्दल एक. लष्करी तुरुंगातून सुटताना आइसची, म्हणजे हद्दपारी करणाऱ्या इमिग्रेशन खात्याची, ताबा मागणारी नोटीस लागलेली असू शकते. मग मुलगा दारातून बाहेर न येता थेट त्यांच्या गाडीत जातो आणि घरच्यांना दोन दिवस पत्ताच लागत नाही. ग्रीनकार्डवर यूएससीआयएस नंबर म्हणून नऊ आकडे असतात, तोच ए-नंबर. तो आजच लिहून ठेवा. आइसच्या संकेतस्थळावर माणूस शोधायला ए-नंबर आणि जन्मदेश लागतो. जन्मदेश भारत टाका, पासपोर्ट पोर्तुगालचा असला तरी.

लष्करी वकील फुकट असतो, इमिग्रेशन कोर्टात सरकार वकील देत नाही. म्हणून इमिग्रेशनचा मुलकी वकील आत्ताच, कबुलीच्या आधी धरा. कोर्ट-मार्शलचं काम केलेला मिळाला तर उत्तम. अडचण अशी की मुलकी वकिलाला आर्टिकल १२१ माहीत नसतं आणि लष्करी वकिलाला अॅग्रव्हेटेड फेलनी. दोघांना एका फोनवर आणा. लष्करी वकिलाला लेखी कळवा की आरोपी अमेरिकन नागरिक नाही. हद्दपारीचा धोका अशिलाला सांगणं हे वकिलाचं कर्तव्य आहे असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये ठरवलं. लेखी कळवलेलं असेल तर "मला माहीत नव्हतं" म्हणता येत नाही, आणि पुढे निकाल रद्द करायची वेळ आली तर तो कागद कामाला येतो.

रद्द करण्याबद्दलही गैरसमज आहे. दोषसिद्धी कायदेशीर चुकीमुळे रद्द झाली तरच इमिग्रेशन ती नाही असं मानतं. दया म्हणून किंवा चांगल्या वागणुकीमुळे पुसली तर मानत नाही. नंतर डिस्चार्ज सुधारून मिळाला तरी दोषसिद्धी तशीच राहते. राष्ट्राध्यक्षांच्या माफीने अॅग्रव्हेटेड फेलनी सुटते, अमली पदार्थांची दोषसिद्धी सुटत नाही.

अॅग्रव्हेटेड फेलनी टळली तर अजून एक वाट उरते, 'कॅन्सलेशन ऑफ रिमूव्हल'. पाच वर्षं ग्रीनकार्ड आणि प्रवेशानंतर सलग सात वर्षं वास्तव्य लागतं, आणि ते वास्तव्य ठराविक गुन्हा घडला त्या दिवशी थांबतं. म्हणून गांजाच्या तपासणीची तारीख आणि भत्ता पहिल्यांदा घेतल्याची तारीख काढा, प्रवेशाच्या तारखेपासून सात वर्षं भरतात का मोजा. सुनावणीत न्यायाधीश घरदार, सेवा, वागणूक सगळं बघतो. इथून शाळेचे दाखले, गावातल्यांची पत्रं पाठवाल तर मराठी, कोंकणी, पोर्तुगीज कुठलाही कागद असो, इंग्रजी भाषांतर हवं आणि त्याखाली भाषांतरकाराने "मला दोन्ही भाषा येतात आणि हे भाषांतर अचूक आहे" असं सहीनिशी लिहिलेलं हवं. नाहीतर कागद घेत नाहीत.

कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप गटावर यातलं काहीही लिहू नका. तुरुंगातले फोन रेकॉर्ड होतात. रकमेबद्दल तर चकार शब्द नको.

कुळागर, फोंडा

चवथीचं तिकीट काढलेलं नाही, ताईला समजावलं. डीडी ४५८ ची प्रत मुलाने आज मागितली. स्पेसिफिकेशन एकच आहे, चौदा महिन्यांचं, दर महिन्याला साधारण हजार डॉलर.

दप्तर

मग तारीख तोडायला जागा भरपूर आहे. काठावर नऊ महिने मागू नका, सहा-सात महिन्यांवर आणायचा प्रयत्न करा, आणि दर महिन्याची पगाराची पावती, म्हणजे एलईएस, काढून नेमकी बेरीज इमिग्रेशन वकिलाला पाठवा. "साधारण हजार" चालणार नाही.